आणि जिंकले तर?

मी समुपदेशक. ऑक्टोबर लागला की काही फोन असे येतात की समोरच्यानं "मॅडम, जरा बाबांबद्दल..." म्हटलं की मला पुढचं कळतं. बेसबॉल. 2025 ला टोरंटोहून एकाच आठवड्यात तीन आले. तिथली टीम ब्लू जेज 1993 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या सात मॅचच्या अंतिम मालिकेला, पोचली होती, आणि कोणाचे बाबा, कोणाचे सासरे, एकीचा तर नवराच, झोपेनात, जेवेनात, मॅच चालू असताना उठून बाहेर जायचे, मॅचनंतर बाथरूममध्ये जाऊन रडायचे. सातवी मॅच घरच्याच मैदानावर अकराव्या इनिंगमध्ये 5-4 नं हरल्यावर तर विचारूच नका. प्रश्न सगळ्यांचा एकच, एवढं होणं नॉर्मल आहे का हो, खेळच तर आहे.

आधी शरीराचं सांगून टाकते कारण त्यात गंमत नाही. 2006 च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये म्युनिक भागात अभ्यास झाला होता, जर्मनीची मॅच असेल त्या दिवशी हृदयाच्या इमर्जन्सी एरवीपेक्षा अडीचपटीहून जास्त आल्या. म्हणजे बीपीची गोळी चुकलेली असेल, छातीत धरल्यासारखं होत असेल तर मला फोन करू नका, डॉक्टरला करा, लगेच. आणि मॅचवर पैसे लागत असतील किंवा रोज बाटली उघडत असेल तर तो विषय वेगळा, त्यावर इथे बोलत नाहीये.

बाकीच्यांसाठी मी नेहमी एका काकांची गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

हे 2016 चं. मी तेव्हाही शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरातच बसायचे. काका 72 चे, 1968 मध्ये शिकायला आले आणि उत्तरेकडे अपटाऊनमध्ये तीन पोरांत एक खोली घेऊन राहिले, तिथून रिग्ली फील्ड जवळ. त्या मैदानावर दिवे नव्हतेच, 1988 पर्यंत सगळ्या मॅच दिवसाउजेडी, त्यामुळे लेक्चर बुडवून जाता यायचं. पुढच्याच वर्षी, 1969 ला, कब्ज (Cubs, रिग्लीवर खेळणारी शिकागोची टीम) पूर्ण उन्हाळा पहिल्या नंबरवर होते आणि सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्सनी मागून येऊन गाठलं. "तिथेच अडकलो," काका म्हणाले. "जिंकले असते तर कदाचित सुटलो असतो."

हे वाक्य त्यांनी पहिल्याच भेटीत टाकलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं आणि त्यावरून सरळ पुढे गेले. आता आठवलं की स्वतःचा राग येतो.

आणलं होतं मुलानं. कब्जनी नुकतंच जायंट्सना हरवलं होतं, नवव्या इनिंगला चार रन काढून, अख्खं शहर वेडं झालेलं, आणि ज्या माणसानं 48 वर्षं या दिवसाची वाट बघितली तो मॅच लागली की गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसायचा. रेडिओ बंद करून. बीपी 170. दहा वर्षांचा नातू जर्सी घालून समोर आला की त्याच्यावर खेकसायचे. मुलाचं म्हणणं, "आई गेल्यापासून शांत झालेत, पण हे काहीतरी वेगळंय. डिप्रेशन आहे का?"

काकू 2014 च्या मार्चमध्ये गेल्या होत्या.

मी काय केलं, तर जे आम्ही सगळे करतो तेच. टेन्शन आहे असं धरून चालले. श्वास शिकवला, डॉक्टरांकडून गोळी बघून घ्यायला लावली, आणि मग आमचा तो ठरलेला प्रश्न. "काका, समजा हरले. सगळ्यात वाईट काय होईल?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"अहो मॅडम, सवय आहे. 84 ला सॅन डिएगोला आमच्याच फील्डरच्या पायातून बॉल गेला तेव्हा हरलो, 2003 ला वर्ल्ड सिरीज गाठायला पाचच आउट राहिले होते तेव्हा हरलो. हरण्याचं काय?"

आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसत नव्हती. मी म्हटलं नाकारताहेत. आम्हा लोकांची ही एक खोड असते बघा, समोरचा खरं बोलला आणि ते आपल्या साच्यात बसलं नाही की आपण म्हणायचं नाकारतोय.

मग मी काकूंबद्दल विचारायला लागले, आणि काका असे सुटले की घड्याळ बघायचं मी सोडून दिलं. काकू दादरच्या. शिवाजी पार्कासमोर वाढलेल्या, भाऊ कांगा लीग, म्हणजे मुंबईचं पावसाळी क्रिकेट, खेळायचा आणि काकू मैदानाच्या कडेला बसून स्कोअरबुक लिहायच्या, पावसात, छत्री मानेत धरून. 1972 ला लग्न करून शिकागोला आल्या. काकांनी पहिल्यांदा मॅचला नेलं तेव्हा तिसऱ्या इनिंगला म्हणाल्या, हा लपंडावाचा खेळ आहे, पण ती चौकटीची वही चांगलीये, मला द्या. तेव्हापासून घरात स्कोअर काकूंनी लिहायचा. बेसबॉलचं स्कोअरकार्ड तुम्ही बघितलं नसेल तर, मैदानातल्या प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3 असं, आणि कोणी कोणाकडे बॉल फेकून आउट केलं ते नंबरात लिहितात. काकू नंबर इंग्रजीत लिहायच्या आणि समासात शेरे मराठीत. "मठ्ठ." "हाताला लोणी." "याला घरी पाठवा." 84 च्या त्या रविवारी शेवटच्या चौकटीखाली फक्त "पिठलं करपलं" एवढंच आहे. आणि 2003 ला जेव्हा प्रेक्षकातल्या एका पोरानं बॉलला हात लावला आणि सगळं शहर त्याच्या जिवावर उठलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, त्याला कशाला बोलता, तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हात पुढे केला असतात.

कब्जच्या चाहत्यांचं शंभर वर्षांचं रडगाणं एकच, वेट टिल नेक्स्ट इयर. शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकले 1908 ला, शेवटची खेळले 1945 ला, त्यानंतर दर वर्षी नेक्स्ट इयर. तर पहिल्या सीझनच्या शेवटी काकूंना हे कळलं तेव्हा त्या हसत सुटल्या, म्हणाल्या हे तर आपलंच आहे, आणि वही मिटून म्हणाल्या, पुढच्या वर्षी लवकर या. झालं, तेव्हापासून घरचा नियम. टीम बाहेर पडली की काकू वही मिटणार आणि दोघांनी मिळून म्हणायचं. चाळीसहून जास्त वर्षं.

मी ऐकत होते, हसत होते, डोळे पण भरले होते, आणि पाणी कुठं मुरतंय ते मला अजून दिसत नव्हतं.

22 ऑक्टोबरच्या शनिवारी कब्जनी डॉजर्सना हरवलं, 71 वर्षांनी वर्ल्ड सिरीजचं तिकीट. नातू गॅरेजमध्ये धावत गेला, "आजोबा, वी वन!" आणि आजोबा त्याच्यावर एवढे ओरडले की पोरगं रात्रभर रडलं. सोमवारी काका माझ्यासमोर बसले, खाली मान घालून. मी श्वास वगैरे काही काढलं नाही. सहज म्हणून विचारलं, गेल्या वर्षी काय केलं होतंत? 2015 ला पण कब्ज बरेच पुढे गेले होते, मेट्सनी चारही मॅच हरवून घरी पाठवलं. तेव्हाही काकू नव्हत्याच की.

"बघितल्या ना. चारही."

"आणि झोप?"

"मस्त लागली." मग थोडं थांबून, "शेवटच्या रात्री तर फारच मस्त लागली."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी कब्जचं गाणं लावून गाडी नेली. मी आजवर दोन आठवडे ज्या बाजूनं दार ढकलत होते ती बाजूच चुकीची होती हे तेव्हा लख्खकन कळलं. मी म्हटलं, "काका, आणि जिंकले तर?"

ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि खरं सांगू, या धंद्यात वीस वर्षांत मला जमलेली एक गोष्ट असेल तर ती ही, तोंड बंद ठेवणं. चार मिनिटं तरी गेली असतील. मग त्यांनी चष्मा काढला.

"हरलो की पुढचं वर्ष असतं. पुढचं वर्ष म्हटलं की ती असते. जिंकले तर मी काय म्हणू गं, आणि कोणाबरोबर?"

दोन आठवडे मॅडम होते, त्या वाक्यात मी "गं" झाले.

हे एकदा बोलून झाल्यावर उपाय फार लागत नाही, लोकांना वाटतं समुपदेशक काहीतरी देतो. तशी आमच्यात एक जुनी शिकवण आहे की गेलेल्या माणसात अडकलेला जीव हळूहळू सोडवून घ्यायचा, म्हणजे दुःख संपलं. मी त्या पंथातली नाही. माझ्या खोलीत "मूव्ह ऑन" हा शब्द चालत नाही. आपल्याकडे वर्षाचे पंधरा दिवस गेलेल्यांना पानावर बोलावतात, आवडीची भाजी करून, आणि कोणी त्याला आजार म्हणत नाही. प्रश्न काकूंना सोडायचा नव्हताच, त्यांना बसायला नवी जागा द्यायची होती. मी फक्त विचारलं की वही आता कोण लिहितं. कोणीच नाही, म्हणाले, 2013 नंतर कोरी आहे.

पाचव्या मॅचपर्यंत कब्ज 1-3 नं मागे होते. रविवारी संध्याकाळी काका गॅरेजमध्ये गेले, मुलाच्या पोटात गोळा, पण ते वह्यांचं खोकं घेऊन परत आले. नातवाला शेजारी बसवलं, काकूंचं पेन त्याच्या हातात दिलं. ती मॅच 3-2 नं जिंकले, सहावी 9-3. सातवीच्या रात्री, बुधवार 2 नोव्हेंबर, आठव्या इनिंगला क्लीव्हलंडनं होम रन मारून 6-6 केलं तेव्हा मात्र काका उठले. गॅरेजच्या दाराशी गेले. नवव्या इनिंगनंतर पाऊस आला, खेळ सतरा मिनिटं थांबला, आणि त्या सतरा मिनिटांत त्यांनी सगळ्यांसाठी चहा केला, आलं ठेचून. नातू ओट्याशी उभा राहून विचारत होता, आजोबा, पाऊस आला की आजी काय लिहायची? म्हणाले, छत्री काढायची.

त्या पानावर छत्री आहे, मी बघितलीये. आणि शेवटच्या चौकटीत नातवाच्या वेड्यावाकड्या अक्षरात 5-3, थर्ड बेसवरून फर्स्टला, ब्रायंट ते रिझो, 8-7. समास कोरा. काकांनी पेन घेतलं होतं पण लिहिता आलं नाही म्हणाले.

त्या दिवसांत रिग्लीच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूनं नावं लिहीत होते, हा दिवस बघायला न राहिलेल्या आईबापांची, आजोबांची, भावांची. हजारो. हात पुरेल तिथपर्यंत, आणि त्याच्यावर खांद्यावर बसून. एक गृहस्थ वडिलांच्या कबरीपाशी बसून सातवी मॅच ऐकायला दुसऱ्या राज्यातून गाडी चालवत गेले होते, तेही पेपरात आलं होतं. म्हणजे माझे काका एकटे नव्हते, अख्ख्या शहराचं तेच चाललं होतं, फक्त माझ्या खोलीत ते बीपी म्हणून आलं होतं. मिरवणुकीची गर्दी ओसरल्यावर काका नातवाला घेऊन गेले. एका म्हाताऱ्या बाईनं स्वतःच्या खडूचा अर्धा तुकडा मोडून दिला. काकूंचं नाव लिहिलं, देवनागरीत, आणि खाली, "यावर्षी आले." ती बाई म्हणाली, सुंदर आहे, काय लिहिलंय? काकांनी अख्खी गोष्ट सांगितली, गणपतीपासून. पाऊण तास. मुलगा गाडीत वैतागला होता.

म्हणून टोरंटोच्या त्या तिघींनाही मी एवढंच सांगितलं. टीव्ही लपवू नका, "खेळच तर आहे" म्हणू नका, ते त्यांनाही माहितीये. शेजारी बसा आणि विचारा की पहिली मॅच कोणाबरोबर बघितली होतीत. 1977 चा बर्फातला पहिला सामना असेल, नाहीतर 93 चा जो कार्टरचा होम रन, त्या आठवणीत खेळाडू एक असतो आणि सोफ्यावरची माणसं चार असतात, त्यातली किती आता आहेत ते मोजा म्हणजे रडणं कशाचं ते कळेल. रडणाऱ्याला पाणी द्या, सल्ला नको. आणि जो गप्प झालाय, उठून जातोय, त्याच्याकडे आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष ठेवा. हरल्यावर काय होईल हे सगळेच विचारतात, तुम्ही उलटं विचारून बघा. सगळ्यांचं उत्तर काकांसारखं येईल असं नाही, त्या तिघींपैकी एकीचा नवरा नुसताच झोपेविना चिडलेला निघाला, दोन रात्री झोपला आणि ठीक झाला.

काका शेवटचे डिसेंबरात आले, मला स्कोअरकार्ड शिकवायला. स्ट्राइकआउटला के लिहितात, तो उलटा कधी लिहायचा ते मला अजून नीट जमत नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "पण आता पुढच्या ऑक्टोबरला काय म्हणायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

2017 च्या ऑक्टोबरात डॉजर्सनी कब्जना रिग्लीवरच 11-1 नं धुऊन बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो. समासात नातवाचं अक्षर, "मठ्ठ", ठ उलटा. खाली काकांचा मेसेज, "हुश्श. पुढच्या वर्षी."