पेरणी कधी करायची : अंदाज बघून की ओल बघून?

प्रश्न : परभणी जिल्ह्यात माझी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. मागे मृगाच्या पहिल्याच पावसावर सोयाबीन पेरलं आणि पावसानं दडी मारली, दुबार पेरणी करावी लागली. आता टीव्हीवर 'सरासरीइतका पाऊस' असं सांगितलं, की लवकर पेरायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे भाऊ. तो आकडा सगळ्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांचा असतो. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की हवामान विभाग 'सरासरीइतका' म्हणतो. तुमच्या शिवारात जूनच्या शेवटच्या आठवड्यात काय होणार, हे त्यात कुठेच नसतं. चार महिन्यांची बेरीज पुरी झाली तरी मधल्या वीस दिवसांच्या उघडिपीत कोवळं पीक जळून जातं. त्या आकड्यावरून बियाण्या-खताची जुळवाजुळव करा, पेरणीचा दिवस ठरवू नका.

पेरणीसाठी जवळचे अंदाज बघा. पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज हवामान विभाग दर गुरुवारी देतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. मराठवाड्यासाठी तो परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून येतो आणि मेघदूत ॲपवर मराठीतही वाचता येतो.

हा सल्ला वाचताना एका शब्दावर बोट ठेवा. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर चौथाई ठिकाणी. म्हणजे चारातल्या तीन गावांत थेंबही न पडता तो अंदाज खरा ठरतो. 'काही ठिकाणी' म्हणजे अर्ध्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे अर्ध्याहून जास्त, पाऊण जिल्ह्यापर्यंत. 'अंदाज खोटा निघाला' असं मला बांधावर किती तरी जण सांगतात, आणि मेसेज उघडून बघितला की त्यात 'तुरळक'च लिहिलेलं असतं. हा शब्द कोणी समजावून सांगितला नाही, ही आम्हा अधिकाऱ्यांची कसूर आहे.

आता पेरणीचं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वितभर ओल गेल्याशिवाय सोयाबीनला हात लावू नका. तालुक्याच्या पावसावर विसंबू नका. एका बांधावर धो धो आणि दुसऱ्या बांधावर धूळ, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सरळ उभ्या कडांचा, तळाला सपाट डबा मोकळ्या जागी ठेवा, रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजा आणि वहीत लिहा. २५ मिलिमीटर भरलं म्हणजे एकरावर साधारण एक लाख लिटर पाणी पडलं. बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाली, ओल वितभर गेली आणि चार आठवड्यांच्या अंदाजात मोठा खंड दिसत नसेल, तर पेरा.

तिन्ही एकर एकट्या सोयाबीनवर टाकू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्या. ऑगस्टमध्ये उघडीप पडून सोयाबीन बसलं तरी तुरीची मुळं खोल असतात, ती तग धरते. रुंद वरंबा-सरी पद्धतीनं, म्हणजे रुंद वरंब्यावर पीक आणि दोन्ही बाजूंना सरी असं पेरलंत तर पाऊस कमी असताना सरीत ओल टिकते आणि जास्त झाला तर पाणी निघून जातं. बी तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नका. घरचं बियाणं असेल तर आधी गोणपाटात शंभर दाणे उगवून बघा, सत्तरच्या वर यायला हवेत.

खंड पडलाच तर कोळपणी करा, म्हणजे ओळींमधली वरची माती कोळप्यानं हलवा, भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. त्याच काळात पोटॅशियम नायट्रेट दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम घेऊन फवारा. पण फवारणीआधी पाच दिवसांचा अंदाज बघा. फवारल्यावर तासाभरात पाऊस आला तर पैसे आणि मजुरी दोन्ही वाहून जातात.

पाऊस लांबलाच तर मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर आणि सोयाबीन १५ जुलैनंतर पेरू नका. मग तूर, बाजरी, सूर्यफूल यांकडे वळा.

एका ताईंनी विचारलंय, साधा फोन आहे, अंदाज कुठून घेऊ? ताई, किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि तुमच्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) सांगा, की मंगळवार-शुक्रवारचा सल्ला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. हे मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.