'ऑरेंज'मधला 'न' कुठे गेला?

स्पॅनिशमध्ये 'नारान्हा', हंगेरियनमध्ये 'नारांच', आपल्याकडे नारिंगी, मग इंग्रजीनेच 'न' का टाकला, हा तुमचा प्रश्न. 'अ नॉरेंज'चं 'ॲन ऑरेंज' झालं असं कुठेतरी वाचलंत, तेही लिहिलंय. गोष्ट छान आहे, पण आळ भलत्यावर आलाय.

इंग्रजीत असा 'न' पळतो हे खरं. 'एप्रन' हा मुळात 'नेप्रन'. पण ऑरेंज इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आलं, तेच 'न' हरवून. चोरी आधीच झाली होती. इटालियनमधलं 'ऊना नारांचा' ('ऊना' म्हणजे 'एक') भरभर म्हणून बघा. ऐकणाऱ्याने 'ऊन आरांचा' असं तोडलं की काम झालं. फ्रेंचमध्ये 'ओर' म्हणजे सोनं, आणि फळ सोनेरी. त्या शब्दानेही हात दिला असणार. व्हेनिसच्या बोलीत मात्र 'न' शाबूत राहिला. पोर्तुगीजांनी त्याचा 'ल' केला: 'लारांजा'.

मूळ आपल्याच बाजूचं. संस्कृत 'नारंग' (तोही द्राविडी भाषांतून आला असावा असं मानतात), फारसीत 'नारंग', अरबीत 'ग'चा 'ज' होऊन 'नारंज', आणि अरबांबरोबर स्पेन.

पण एक गंमत सहसा कुणी सांगत नाही. हा सगळा प्रवास कडू संत्र्याचा आहे, ज्याचं आज मार्मलेड करतात त्याचा. गोड फळ युरोपात रुळलं ते १५व्या-१६व्या शतकात, आणि त्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा वाटा मोठा. म्हणून रोमानियन, बल्गेरियन, तुर्की या भाषांत फळाला चक्क पोर्तुगालचं नाव आहे. खुद्द अरबी आणि फारसीसुद्धा गोड संत्र्याला 'बुर्तुकाल', 'पोर्तेगाल' म्हणतात. 'नारंज' उरला कडू फळापुरता. डच लोकांनी 'चीनचं सफरचंद' म्हटलं, रशियन 'अपेल्सीन' त्याच घरातला. आपण तरी काय वेगळं केलं? मोझांबिकवरून मोसंबी!

(हॉलंडच्या राजघराण्याचं 'ऑरेंज' यात धरू नका. ते दक्षिण फ्रान्समधल्या गावाचं नाव, मूळ 'आराउसिओ'. फळाशी संबंध नाही. उच्चार जुळला म्हणून रंग चिकटला.)

दोन्ही शब्द शेजारी नांदताना बघायचे तर ग्रीकमध्ये बघा: 'पोर्तोकाली' गोड, 'नेरांत्झी' कडू. अथेन्सच्या फुटपाथांवर फळांनी लगडलेली झाडं दिसतात, ती नेरांत्झीची. फुकट मिळालं म्हणून सोलून तोंडात टाकू नका.