लिनक्सवर गेम खेळता येतात का? जुना लॅपटॉप आहे, विंडोज काढून टाकू का?

येतात की, आणि आता मस्त येतात. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या गेम स्टोअरमध्ये प्रोटॉन नावाचं टूल आणलं, ते वाईनवरच (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) उभं आहे, आणि त्यातलं डीएक्सव्हीके हे डायरेक्टएक्सच्या (विंडोजची ग्राफिक्स यंत्रणा) कॉल्सचं व्हल्कनमध्ये (लिनक्सवर चालणारी ग्राफिक्स यंत्रणा) भाषांतर करतं, म्हणून विंडोजचे गेम इथे पळतात. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन सगळ्या गेम्ससाठी प्रोटॉन चालू आहे ना ते बघ, बास. एपिक किंवा जीओजी या दुसऱ्या स्टोअरचे गेम असतील तर हिरोइक लाँचर टाक.

एक गोष्ट मात्र नीट ऐक, गेम विंडोजच्या जुन्या एनटीएफएस पार्टिशनवर (डिस्कचा विंडोजच्या फॉरमॅटमधला भाग) ठेवू नकोस. कर्वेनगरच्या रूमवर मी तेच केलं होतं, प्ले दाबलं की बटण दोन सेकंद निळं व्हायचं आणि परत होतं तसं, रात्रभर ड्रायव्हर बदलत बसलो आणि शेवटी गेम एक्स्ट४ वर, म्हणजे लिनक्सच्या फॉरमॅटमधल्या पार्टिशनवर, हलवल्यावर पहिल्या झटक्यात चालू झाला.

विंडोज लगेच काढू नकोस, आधी प्रोटॉनडीबी या साइटवर तुझे गेम लिनक्सवर चालतात का बघ. व्हॅलोरंट चालत नाही, त्याचं अँटीचीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर येतच नाही. जीटीए फाईव्हची स्टोरी चालते पण ऑनलाईन लिनक्सवर २०२४ च्या सप्टेंबरपासून बंद.

लॅपटॉप फारच जुना असेल, व्हल्कनच नसेल, तर क्लाउड गेमिंग (गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याकडे नेटवरून नुसतं चित्र येतं) ब्राउझरमध्ये चालतं. फक्त वायफायवर भरवसा नको, आपल्याकडे सोसायटीत प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर, २.४ गिगाहर्ट्झवर नुसती गर्दी, त्यापेक्षा सरळ लॅन केबल लाव, फरक लगेच कळेल.