हिस्टेरोस्कोपी लोकलमध्ये करायची का? दुखणं आणि धोका, दोन्हीबद्दल

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वय 41, दोन्ही सिझेरियन, पाळीत अंगावरून खूप जातंय, सोनोग्राफीत गर्भपिशवीत छोटा पॉलिप (अस्तराची वाढलेली मऊ गाठ) दिसलाय. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी लोकल (तेवढाच भाग बधिर करणारी भूल) देऊन दुर्बिणीतून पिशवीच्या आत बघू, म्हणजेच हिस्टेरोस्कोपी करू, जमलं तर तेव्हाच काढू, असं सांगितलंय आणि सिन्नरला घरचे सगळे म्हणतात, पूर्ण भूलच घे. मी नाशिकमध्येच स्त्रीरोग विभागाच्या थिएटरला बरीच वर्षं सिस्टर होते. लोकलमध्ये तपासणी चालू असताना कितीतरी जणींच्या उशाशी उभी राहिलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

दुखतं का? हो, दुखतं. काही कळणारसुद्धा नाही असं कुणी म्हणालं तर ते धरून चालू नका. पण किती दुखेल ते प्रत्येकीचं वेगळं. पुष्कळ जणी पाळीत दुखतं तेवढंच म्हणतात आणि उठून साडी नेसतात. थोड्या जणींना मात्र अशी कळ येते की काम थांबवावं लागतं.

लोकल दिल्यावरही का दुखतं, हे सहसा कुणी सांगत नाही. लिग्नोकेनचं इंजेक्शन पिशवीच्या तोंडाशी देतात आणि तिथल्या नसा बधिर होतात. पिशवीच्या वरच्या भागाच्या नसा मात्र वेगळ्या वाटेनं कण्यात वरच्या बाजूला जातात, तिथवर हे औषध पोचत नाही. आत नीट दिसावं म्हणून सलाईन सोडून पिशवी थोडी फुगवतात, तेव्हा ओटीपोटात कळ येते. तपासणीसाठी तुकडा घेताना चिमटा बसल्यासारखं होतं. लोकल चढलंच नाही, असा त्याचा अर्थ नाही. म्हणूनच साधारण तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायला सांगतात, ती चुकवू नका. अॅसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या.

दुर्बीण आवरणासकट साधारण 3 ते 5 मिलिमीटर जाड असते. कुठे कापत नाहीत, टाके नाहीत. नुसतं बघायचं असेल तर पाच-दहा मिनिटांचं काम, पॉलिप काढायचा तर थोडं जास्त. काही डॉक्टर स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा ठेवायचं साधन) न लावता, पिशवीच्या तोंडाला चिमटा न धरता पाण्याच्या धारेबरोबर दुर्बीण अलगद आत नेतात. त्यात त्रास बराच कमी होतो. तुमचे डॉक्टर कसं करतात ते जरूर विचारा. तुमच्या बाबतीत आणखी एक सांगायचं. दोन्ही सिझेरियन कळा सुरू व्हायच्या आधीच झाली असतील तर पिशवीचं तोंड कधी उघडलेलंच नाही, त्यामुळे आत शिरताना जरा जास्त जाणवू शकतं. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टेबलावर झोपायच्या आधी स्पष्ट बोलून घ्या, "मी थांबा म्हटलं की थांबाल ना?" आमच्या थिएटरला एक बाई दातात पदर धरून पडून होत्या, पायाची बोटं आवळलेली, तोंडातून शब्द नाही. मी डॉक्टरांना खूण केली, त्यांनी सलाईनचा कॉक बंद केला. पिशवीतला दाब उतरला आणि अर्ध्या मिनिटात बाईंचा चेहरा सैल झाला. मग विचारलं, पुढे जायचं का? त्या हो म्हणाल्या, दाब कमी ठेवून काम पूर्ण झालं. नाही म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं, दुसऱ्या एखाद्या दिवशी भूल देऊन करता येतं. सोसत राहण्याची काहीएक गरज नाही.

धोक्याचं म्हणाल तर, नेदरलँड्समध्ये 13,600 हिस्टेरोस्कोपींचा एक मोठा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या तपासणीत गुंतागुंत हजारात एक-दोघींनाच झाली, आत काही काढायचं होतं तिथे साधारण शंभरात एकीला. पिशवीला भोक पडणं ही त्यातली मुख्य भीती. जंतुसंसर्ग क्वचितच होतो. लोकलमध्ये जास्त वेळा दिसतं ते म्हणजे घाम फुटणं, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी. पिशवीचं तोंड ताणलं गेलं की नाडी मंदावते, त्यानं होतं. पाय वर केले की बहुतेक वेळा लगेच बरं वाटतं. इंजेक्शननंतर तोंडाभोवती मुंग्या, जिभेला धातूसारखी चव किंवा कानात आवाज असं काही वाटलं तर त्याच क्षणी सांगा, औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असते. जागं असण्याचा हाच फायदा, तुम्ही बोलू शकता.

म्हणून घरच्यांचं म्हणणं मला सरसकट पटत नाही. छोट्या पॉलिपसाठी लोकल पुरतं. पॉलिप मोठा निघाला, फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूची गाठ) असला, किंवा तुम्हाला अंगतपासणीचीच धास्ती वाटत असेल, तर भूल घ्या, त्यात कमीपणा नाही.

तारीख पाळी थांबल्यावर लगेचची घ्या, तेव्हा अस्तर पातळ असतं आणि नीट दिसतं. दिवस राहिल्याची जराही शंका असेल तर आधी टेस्ट. उपाशी यायचं की हलकं खाऊन, हे दवाखान्यातच विचारा. सोबत कुणाला तरी आणा आणि परत सिन्नरला स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

नंतर दोन-चार दिवस थोडे डाग, पाण्यासारखं जाणं चालतं. ताप, घाण वास, वाढत जाणारं पोटाचं दुखणं किंवा तासाला पॅड भरेल असा रक्तस्राव झाला तर फोन करून थेट दवाखाना गाठा. काढलेला पॉलिप फॉर्मलिनच्या बाटलीत लॅबला जातो. बाटलीवर तुमचं नाव बरोबर लिहिलंय ना ते सोबतच्या माणसाला बघायला सांगा, आणि बरं वाटलं तरी तो रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना दाखवा.