एकाच फायबरमध्ये इतके सिग्नल? तुमचे प्रश्न

प्रश्न: एकाच काचेतून चाळीस सिग्नल जातात मग ते एकमेकांत मिसळत नाहीत का?

मिसळतात की. हवेत नाही का सगळी रेडिओ स्टेशनं एकत्रच असतात, आपण पाहिजे ती फ्रिक्वेन्सी लावतो, तसंच इथे प्रत्येक सिग्नलच्या प्रकाशाची वेव्हलेन्थ (लहरीची लांबी, म्हणजे त्याचा 'रंग') वेगळी असते आणि पलीकडचा फिल्टर आपापली वेव्हलेन्थ उचलतो. (रंग म्हणतात खरं पण हा इन्फ्रारेड, दिसत नाही, म्हणून फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका.) पॉवर वाढवली की मात्र भानगड होते, तीन वेव्हलेन्थ मिळून चौथी नकोशी तयार करतात, तिला फोर-वेव्ह मिक्सिंग म्हणतात. गंमत म्हणजे जुन्या डिस्पर्शन-शिफ्टेड फायबरमध्ये 1550 नॅनोमीटरला डिस्पर्शन (वेगवेगळ्या वेव्हलेन्थ वेगवेगळ्या वेगाने जाणं) मुद्दाम शून्य केलेलं, एका चॅनलला (म्हणजे एका वेव्हलेन्थवरच्या सिग्नलला) ते मस्त होतं, पण अनेक चॅनल टाकल्यावर तेच अंगाशी आलं, कारण थोडं डिस्पर्शन असलं की लहरींचा ताल सुटतो आणि ही चौथी फार वाढत नाही.

प्रश्न: 30 किलोमीटर अंतर, 8 चॅनल हवेत. सीडब्ल्यूडीएम की डीडब्ल्यूडीएम?

दोन्हींत एका फायबरमध्ये अनेक वेव्हलेन्थ टाकतात, सीडब्ल्यूडीएममध्ये लांब-लांब, डीडब्ल्यूडीएममध्ये दाटीवाटीने. तुम्ही सीडब्ल्यूडीएम घ्या, डोळे झाकून. चॅनलमध्ये 20 नॅनोमीटरचं अंतर असतं, लेसर तापला तर एका डिग्रीला साधारण 0.1 नॅनोमीटर सरकतो, म्हणजे 40 डिग्रीचा फरक पडला तरी चालतं, कूलर नको. डीडब्ल्यूडीएमच्या 100 गिगाहर्ट्झ ग्रिडमध्ये (चॅनलच्या ठरलेल्या जागांमध्ये) चॅनल 0.8 नॅनोमीटरवर, तिथे एवढा सरकला तर शेजाऱ्यांच्याही पलीकडे जाईल. चॅनल 1471 ते 1611 नॅनोमीटरमधले घ्या, जुन्या फायबरला 1383 च्या आसपास पाण्यामुळे लॉस जास्त असतो. पुढे शंभर-दोनशे किलोमीटर जायचंय का ते मात्र आत्ताच ठरवा, कारण तेवढ्या अंतराला मध्ये प्रकाश वाढवणारा अॅम्प्लिफायर लागतो, आणि नेहमीचा, ईडीएफए नावाचा, साधारण 1530 ते 1565 नॅनोमीटर एवढ्यातच चालतो, सीडब्ल्यूडीएमचे बाकीचे चॅनल त्याच्या हिशोबातच नाहीत. चॅनल किती यापेक्षा मध्ये अॅम्प्लिफायर लागणार का, हे आधी विचारायचं असतं.

प्रश्न: जीपॉनमध्ये (घरोघरी फायबरने इंटरनेट देण्याच्या पद्धतीत) 32 घरं एका फायबरवर, मग प्रत्येकाला वेगळी वेव्हलेन्थ का नाही?

प्रत्येक घरात वेगळा लेसर ठेवायचा म्हणजे खर्च आणि डोकेदुखी. घराकडे येताना 1490 नॅनोमीटर, घरातून जाताना 1310, बस. येणारा डेटा सगळ्यांकडे जातो, आपला तेवढा घ्यायचा, जाताना पाळीपाळीने. फक्त प्रकाशाला एक किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे लांबचं घर आणि जवळचं घर यांची टक्कर होऊ नये म्हणून ओएलटी (कंपनीच्या टोकाचं यंत्र) आधी प्रत्येकाचं अंतर मोजून ठेवतं आणि जवळच्याला थोडं थांबवतं.