हँडबिलावरची तिथी

प्रिय मित्रास,

पावसाआधी घराघरांतले माळे झाडले जातील आणि जुन्या कागदांची गाठोडी तुझ्या संग्रहालयात येतील. त्यांत आपल्या गोव्यातल्या देवळांच्या उत्सवातल्या मराठी नाटकांची हँडबिलं असतील. ती रद्दीत टाकू नकोस. नाटक कोणतं, स्त्रीपार्ट कोणी केला, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, हे सगळं त्यात छापलेलं असतं. अख्खा वाडा, म्हणजे गावातली ती वस्ती, त्या एका कागदावर भेटतो.

गाठोडं आणणारा माणूस समोर आहे तोवरच विचारून घे. घर कुठल्या वाड्यावर, कागद कोणाच्या पेटीत होता, ‘बाबू’ म्हणून छापलंय तो कोण. तो कोंकणीत सांगेल, तसंच कोंकणीत उतरव. साल त्याला आठवणार नाही. ‘मुक्तीआधी की मागीर (नंतर)?’, ‘ओपिनियन पोलावेळी शाळेत होतात?’ असं विचार. गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या ओपिनियन पोलाचा 16 जानेवारी 1967, या दोन तारखांभोवती आठवणी बरोबर जुळतात.

खरा घोटाळा होतो शकाचा. ‘माघ शुद्ध 5, शके 1870’ दिसलं की लोक 78 मिळवून 1948 लिहून मोकळे होतात. शक बदलतो पाडव्याला, म्हणून जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवायचे. ते नाटक 1949 चं. माघ-फाल्गुनातले उत्सव आपल्याकडे पुष्कळ, त्यामुळे ही एक वर्षाची चूक नोंदवहीभर पसरते. शक छापलेलाच नसेल तर तिथी आणि वार जुन्या पंचांगांत ताडून बघ. तरी दोन-चार सालं उरतील. मग त्याच गाठोड्यातल्या वर्गणीच्या पावत्या काढ. रुपये-तांगे हे जुनं पोर्तुगीज अमदानीतलं चलन असेल तर कागद एस्कुद हे नवं चलन येण्याआधीचा. एस्कुद-सेंताव असतील तर 1959 पासून मुक्तीपर्यंतच्या तीनेक वर्षांतला. एवढं करूनही खात्री नसेल तर ‘अंदाजे’ लिही, त्यात कमीपणा नाही.

नोंदवहीतला क्रमांक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात, 2बी पेन्सिलीने, हलक्या हाताने. पेनाची शाई दमट हवेत फुटते. टाचण्या काढून टाक, गंजाचा डाग पुढे भोक पाडतो. सेलोटेप नको, त्याचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर कधीच नको. कसर दिसली तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नकोस, नाहीतर कागदावर पाणी धरतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. आर्द्रतामापक 65 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी आलीच समज.

स्कॅन 600 डीपीआयवर, टिफ (TIFF) प्रकारच्या फाइलमध्ये. फाइलचं नाव म्हणजे नोंदवहीतला क्रमांक, दुसरं काही नाही.

गणेश चवथीला मुंबई-पुण्याची माणसं गावात येतात. तेव्हा हँडबिलांच्या मोठ्या प्रती देवळाच्या मंडपात लाव आणि कोणाला काही आठवलं तर तिथंच लिहायला शेजारी दोरीला पेन्सिल बांधून ठेव. मूळ कागद मात्र कपाटातच राहू दे.

तुझा हितचिंतक