व्हिडिओला अंगठे येतात, उत्तरं येत नाहीत

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. चंद्रकलांचं अ‍ॅनिमेशन करतेय. चित्रं काढून हात दुखतात. ग्रुपवर टाकलं की पालकांचे अंगठे येतात, मुलं मात्र गप्प. काय करू? – एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : ताई, आधी आवाज रेकॉर्ड करा, चित्रं त्यावर बसवा. सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी एकेक चित्र दोन फ्रेम धरलं की 12 चित्रांत भागतं. तुम्हाला तेवढीही नकोत. अर्धा उजळ चंद्र एकदाच काढा आणि पृथ्वीभोवती फिरवा. उजळ बाजू कायम सूर्याकडे. चंद्रावरून काळी चकती मात्र सरकवू नका. मुलांना ती पृथ्वीची सावली वाटते, म्हणजे शिकवायच्या कला आणि दिसणार ग्रहण!

आता मुलांचं. शेवटी ‘समजलं का?’ विचारलंत तर ‘हो मॅडम’ येणारच. त्याऐवजी विचारा, पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळीच उगवतो, मग संकष्टीला आजीला रात्री उशिरापर्यंत उपाशी का राहावं लागतं? चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, हे लगेच फोडू नका. उत्तरं आवाजात मागवा. फोन बाबांचा, टायपिंगचा कंटाळा. त्यातलं एखादं भन्नाट उत्तर, चुकीचं असलं तरी, पुढच्या व्हिडिओच्या सुरुवातीला ऐकवा. आणि व्हिडिओला पार्श्वसंगीत लावलं असेल तर ते काढून टाकाच.